नऊ फेब्रुवारीला आरा कुठे होती

१७ जून

डोडोंग,

दोन वर्षांनी लिहितेय. तू फोन उचलत नाहीस, आणि आता फोनवर बोलायची मलाही भीती वाटते. तुझ्या पलटणीच्या छावणीवर पाठवलं तर तुझ्याआधी दुसरंच कुणीतरी फोडेल, म्हणून जोनालिनच्या मावशीच्या भाजीच्या गाळ्यावर पाठवतेय. बायको तुला आणून देईल. जोना, तू आधी वाचलंस तरी माझी हरकत नाही.

आराला पकडून नेलं.

आठ तारखेला, शनिवारी. चॅपेलमध्ये तिचा नेहमीचा आरोग्याचा वर्ग चालला होता, तिला धरून एकोणीस जणांचा. जुलाब झालेल्या पोराला काय पाजायचं, बाळंतिणीचं रक्त थांबेना तर डोंगर उतरेपर्यंत काय करायचं, हेच सगळं. दोन गाड्या आल्या, नंबरपाट्या नसलेल्या. सगळ्यांना जमिनीवर पालथं झोपवलं. वॉरंटावर नावही दुसरंच होतं, सेली डुमांगास, वय बावीस. आपली आरा एकेचाळीसची. ती पडल्यापडल्या म्हणाली, “बावीस? तुमच्या तोंडात साखर पडो, साहेब.” त्यावर एकानं तिच्या कानशिलात मारली.

मी तिथं नव्हते. गुडघा सुजला होता. हे सगळं शेजारणीनं सांगितलं.

बाकीच्यांना बोटांचे ठसे घेऊन संध्याकाळपर्यंत सोडलं. आरा कुठे आहे ते मात्र दोन दिवस कुणी सांगेना. ठाण्यात म्हणाले, आमच्याकडे नाही. इथल्या छावणीच्या फाटकावर म्हणाले, असं कुणी इथं आलंच नाही. शहरातून लाबाद नावाचे वकील आले, साठीचे, ढगळ कोटातले. ते फाटकासमोर स्टूल टाकून बसले. पहारेकरी म्हणाला, “आजोबा, उन्हात कशाला डोकं दुखवून घेता?” तर म्हणतात, “आडनावच लाबाद माझं, म्हणजे डोकेदुखी. मी दुखवून घेत नाही, देतो.”

तिसऱ्या दिवशी तिला पत्रकारांपुढे उभं केलं. समोर टेबलावर आम्ही उकळून भरलेल्या निर्गुडीच्या औषधाच्या बाटल्या, टाके घालायचा दोरा, सुया, रक्तदाब बघायचं यंत्र. आणि एक पिस्तूल, दोन हातबॉम्ब. ते चॅपेलच्या बाकाखाली सापडले म्हणे. त्या बाकावर रविवारी पोरं उड्या मारतात, डोडोंग.

आता ती जिल्ह्याच्या तुरुंगात आहे.

तुझ्याकडे काही मागत नाहीये. माझी नात लियान आता बोलत असेल. तिला शेवटचं बघितलं तेव्हा ती चार महिन्यांची होती.

तुझी नानाय


३० जून

डोडोंग,

मागच्या पत्रात काही मागत नाही म्हटलं होतं. आज मागते.

वकील लाबादनी आरोपपत्र आपल्या भाषेत समजावून सांगितलं. दोन वर्षांमागे पलीकडच्या डोंगरात लष्कराच्या ट्रकवर हल्ला झाला होता, दोन जवान गेले. ते दोघं तुझ्या ओळखीचे होते का, मला माहीत नाही. त्यांच्या आयांचा विचार माझ्या मनात येतो, आईला येणारच. तर त्या हल्ल्यात आरा होती, बंडखोरांच्या जखमा बांधत होती, असं एक शरण आलेला माणूस सांगतो. त्यानं म्हणे डोळ्यांनी बघितलं.

तारीख ऐकल्यावर मी वकिलांना ती परत वाचायला लावली. नऊ फेब्रुवारी. सकाळी दहा ते दुपारी दोन.

त्या दिवशी आरा कुठे होती हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

तू रजेवर आला होतास. जोनाला तीन आठवडे बाकी होते आणि सकाळी सातलाच पाणी गेलं. खालचा रस्ता दरडीनं बंद. आरा आठच्या सुमारास मोटरसायकलवरून आली, चिखलानं माखलेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. दीड वाजता पोर झाली. नाळ कापायला तिनं तुला बोलावलं, “ये रे बापा, हा तुझा मान,” आणि तू कात्री हातात घेतलीस आणि धाडकन आडवा झालास. “मानांग, आधी तुमच्या पलटणीला साखर-मिठाचं पाणी पाजा,” असं मला म्हणून ती हसायला लागली, आणि जोना हसता हसता कळवळली. इतकं हसणं या घरात तुझा बाप गेल्यापासून झालं नव्हतं.

पण दाखला वेगळंच सांगतो. घरी बाळंतपण केलं तर दंड, असा नगरपालिकेचा ठराव होता. शिवाय आराच्या आरोग्यसंस्थेचं नाव तुझ्या कागदावर आलं असतं तर वरच्यांनी विचारलं असतं. म्हणून तू खाली जाऊन सरकारी सुईणीकडून लिहून आणलंस की जन्म दवाखान्यात झाला, बाळंतपण तिनं केलं. मीच म्हटलं होतं, आण लिहून, कुणाचं काय जातंय. आता कळलं कुणाचं जातंय ते.

वकील म्हणतात, घरात त्या दिवशी तीन मोठी माणसं होती. माझी एकटीची साक्ष टिकायची नाही. का ते नंतर कधीतरी लिहीन. उरलात तुम्ही दोघं. सैन्यातला माणूस उभा राहून म्हणाला की ही बाई त्या वेळी माझ्या घरात होती, तर न्यायाधीशांना ऐकावंच लागेल.

तुझं काय जाईल ते मला कळतं. खोटा दाखला केल्याचं कबूल करावं लागेल. वरचे काय म्हणतील तो भाग वेगळाच. तुझ्या साहेबांनी बंडखोरांना मदत करणाऱ्यांच्या यादीत माझं नाव दाखवलं होतं त्या दिवशी तू दारात उभा राहून म्हणालास, “नानाय, मी पाहिजे का ते औषधांचं खूळ?” मी उत्तर दिलं नाही, तू ते उत्तर समजलास. तुझा बाप खोकून खोकून गेला तेव्हा या डोंगरात एक गोळी मिळाली नव्हती. मी ते काम कसं सोडणार होते? आणि तुला तरी कशी सोडणार होते?

सुनावणी ऑगस्टात आहे.

नानाय


९ जुलै

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं का तेही कळत नाही.

बाजाराच्या तिठ्यावर मोठा कापडी फलक लावलाय. त्यावर आराचा चेहरा आणि वर लाल फुली. खाली सहा जणांचे छोटे फोटो, त्यातली तिसरी मी. मतदार ओळखपत्रावरचा फोटो आहे, नाक फुगलेलं. मासेवाली म्हणाली, “सियांग, फोटो तरी बरा द्यायचास.” हसले मी. मग तिनं सुके मासे बांधून दिले आणि हळूच म्हणाली, “पुढच्या खेपेला माझ्या मुलीच्या हाती घरी पाठवीन, तू इथं नको येऊस.”

इथल्या छावणीतला सार्जंट रोज येतो. पायरीवर बसतो, कॉफी मागतो. मी देते. काय करू? “मुलगा कसा आहे, नानाय? बढती कधी?” विचारतो. तुझं नाव त्याच्या तोंडी आलं की मी चूल फुंकायला उठते, आणि त्याला ते कळतं.

गेल्या पंधरवड्यात एकही बाई पोराचं वजन करायला आली नाही. क्षयाची औषधं घेणारे दोघं येईनासे झाले. त्यांना गोळ्या मीच नेऊन देते, भाजीच्या टोपलीत शेवग्याच्या पाल्याखाली लपवून. गोळ्या लपवायच्या, डोडोंग! चोरून दारू विकल्यासारख्या.


२२ जुलै

डोडोंग,

नंतर लिहीन म्हटलं होतं ते आज लिहिते. आज नाही लिहिलं तर कधीच नाही लिहायची.

मार्चमध्ये गावप्रमुख कपिताननं गावकचेरीत मदतवाटपाला बोलावलं. तांदूळ, डबाबंद मासे. आम्ही चाळीस बायका होतो. आधी उजवा हात वर करायला लावला आणि फोटो काढला. मग प्रत्येकीपुढे इंग्रजी कागद. मी म्हटलं, यात काय लिहिलंय? सार्जंट म्हणाला, “तुम्ही शरण आलात एवढंच. आरानं तुम्हाला जंगलातल्या लोकांच्या जखमा बांधायला शिकवलं, हे.” मी म्हटलं, पण तिनं तसं शिकवलेलं नाही. तर म्हणतो, “नानाय, सही करा. यादीतून नाव जाईल. मुलाच्या फायलीतूनही जाईल. किती वर्षं झाली तो घरी येऊन?”

मी सही केली. तांदळाचं पोतं डोक्यावर घेऊन घरी आले आणि त्याचा भात खाल्ला.

ही एक गोष्ट. दुसरी सांगायला जास्त जड आहे.

जूनच्या सहा तारखेला सार्जंट म्हणाला, “शनिवारी घरी राहा. गुडघ्याला आराम द्या.” माझा गुडघा तेव्हा चांगला होता. सांगतोय काय ते मला कळलं. शुक्रवारी आरा दारावरून गेली. “उद्या येताय ना, मानांग? वजनकाटा तुमच्याकडेच आहे.” मी म्हटलं, गुडघा दुखतोय. तिनं पायरीवर बसून माझा गुडघा दाबून बघितला. “सूज तर नाही,” म्हणाली. “शेक घ्या.” आणि गेली. मी तिला परत हाक मारली नाही. त्या वेळी माझ्या डोक्यात एकच होतं, की तुझ्या फायलीतून नाव गेलं तर तू फोन उचलशील.

हे तुझ्यावर ढकलत नाहीये. केलं मी.

गेल्या गुरुवारी तुरुंगात भेटीला गेले आणि तिला सगळं सांगितलं. मध्ये जाळी होती. ती कितीतरी वेळ माझ्या गुडघ्याकडेच बघत राहिली. मग म्हणाली, “जा.” मी म्हटलं, आरा, ऐक. “मानांग, आज जा. नाहीतर मी काहीतरी बोलेन आणि ते तुम्ही जन्मभर विसरणार नाही.” आणि पाठ फिरवून उभी राहिली.

आज परत गेले. वाटलं होतं बाहेरच येणार नाही. आली. मक्याचा भात आणि सुके मासे नेले होते. तिनं डबा पुसून खाल्ला. डबा परत देताना म्हणाली, “मासे खारट झालेत.” मी बसमध्ये बसल्यावर रडले.

वकिलांसमोर शपथेवर लिहून दिलंय की मार्चचा कागद खोटा आहे, आणि सही भीतीनं केली. त्यांनी बजावलं, “याच्यासाठी तुम्हालाच आत टाकू शकतात.” मी विचारलं, आत गुडघ्याला शेक मिळतो का? ते हसले नाहीत.

सार्जंट कालपासून कॉफीला येत नाही. येत होता तेव्हा बरं होतं असं वाटायला लागलंय. आता कुत्रं भुंकलं तरी मी उभी राहते.

नानाय


५ ऑगस्ट

तुझी चिठ्ठी मिळाली. तीनच शब्द. पुन्हा लिहू नकोस.

अक्षर तुझंच आहे. ते वळण शाळेपासूनचं, मी ओळखते.

बरं. वकिलांना सांगून साक्षीदारांच्या यादीतून तुझं नाव काढलंय. जोनाचंही. ते म्हणाले, समन्स काढून बोलावता येतं. मी नको म्हटलं. यायचं तर माणसानं आपल्या पायांनी यावं.

सुनावणी एकोणीसला आहे. हे शेवटचं पत्र. स्वतःला जप. पायांत बुरशी होते तुझ्या, बूट वाळवत जा.


२० ऑगस्ट

डोडोंग,

लिहू नकोस म्हणालास, पण काल काय झालं ते तुला कुणी सांगितलं असलं तरी माझ्याकडूनही ऐक.

आधी तो शरण आलेला माणूस उभा राहिला. पंचविशीचा असेल, गालफडं बसलेली. आराकडे बोट दाखवून म्हणाला, हीच. लाबादनी विचारलं, तिचा चेहरा नीट दिसला? “हो.” किती लांबून? “नारळाच्या दोन झाडांएवढं अंतर.” आणि ती काय करत होती? “पट्टी बांधत होती.” कुणाला? त्यानं सरकारी वकिलांकडे बघितलं. मला त्याची दया आली. त्यालाही कुणीतरी कागद पुढे करून सही करा म्हटलं असेल.

मग मी. सरकारी वकिलांनी मार्चचा कागद माझ्या नाकासमोर धरला.

“ही सही तुमची?”

“माझी.”

“मग खोटं तेव्हा बोललात की आता बोलताय?”

“तेव्हा.”

“का?”

“भीती वाटत होती.”

“आणि आता नाही वाटत?”

“आता जास्त वाटते,” मी म्हटलं. खरं तेच सांगितलं.

त्यांनी मला तासभर पिळलं. मुलगा सैन्यात, आई असली, असंही बोलले. मी खाली उतरून भिंतीशी बसले. लाबाद कागद आवरायला लागले होते. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि जोना आत आली, कडेवर लियान, खांद्याला पिशवी. रात्रभर बोटीत होती. सकाळी धक्क्यावर उतरून बस पकडून आली. तिनं कुणाला विचारलं नाही, सरळ पुढे येऊन म्हणाली, “मला बोलायचंय. नऊ फेब्रुवारीला बाळंतीण मी होते.”

न्यायाधीशांनी परवानगी दिली तशी तिनं लियानला माझ्या मांडीवर ठेवलं. पोर माझ्याकडे बघतच राहिली, रडली नाही. तिच्या केसांना बोटीतल्या डिझेलचा वास होता.

सरकारी वकिलांनी दाखला काढला. “यावर दवाखाना लिहिलंय. खोटं कोण बोलतंय, तुम्ही की दाखला?”

“दाखला. आम्हीच तसा लिहून आणला, दंडाच्या भीतीनं. त्याची काय शिक्षा असेल ती द्या. पण साहेब, पोर माझ्या पोटातून आलीय. ती कुठे आणि कुणाच्या हातात आली ते मला विचारा. दाखल्याला काय विचारता?”

“तुमचा नवरा कॉर्पोरल आहे ना? तुम्ही इथं आलात हे त्याला माहीत आहे?”

मला वाटलं आता हिची बोबडी वळणार. मी लियानला घट्ट धरलं. जोनानं आपल्या बाहीवरून हात फिरवला. “माहीत आहे. हा ब्लाउज त्यानंच इस्त्री केलाय. मला इतक्या कडक घड्या कुठं जमतात?”

कोर्टात हशा पिकला. पहारेकरीसुद्धा हसला. आरा मात्र हसली नाही. ओंजळीत तोंड घालून बसली. तुरुंगात गेल्यापासून तिला रडताना मी पहिल्यांदा बघितलं.

तू असा का आहेस, डोडोंग? मला तीन शब्द लिहितोस आणि बायकोचा ब्लाउज इस्त्री करतोस.

त्या दोघी काल माझ्याकडे राहिल्या. आज दुपारच्या बोटीनं निघाल्या. निकाल राखून ठेवलाय. तुला आता काय करतील, याच विचारानं मी दिवसभर घर झाडतेय. झाडून झालं की परत झाडतेय.

नानाय


१५ सप्टेंबर

डोडोंग,

आरा सुटली.

न्यायाधीशांनी लिहिलंय की वॉरंट दुसऱ्याच व्यक्तीचं होतं, झडती बेकायदा होती, आणि हल्ल्याच्या वेळी ती बाळंतपण करत होती हे त्यांना पटलं. हुकूम सकाळी दहाला तुरुंगात पोचला, तरी तिला सोडेनात. कधी शिक्का नाही, कधी साहेब जेवायला गेलेत. फाटकासमोर बिननंबराची एक गाडी उभी होती. ती बघून लाबाद आणि मी फाटकाला चिकटून उभे राहिलो. सुटलेल्या माणसाला दारातूनच परत उचलतात हे काय नवीन आहे? मग वर्गातले सगळे अठराजण उसाच्या ट्रकमधून आले. येतील असं मला वाटलं नव्हतं, कारण त्यातल्या निम्म्या बायका महिनाभर माझ्याशी बोलत नव्हत्या. सगळे फाटकापासून आमच्या जीपपर्यंत दोन्ही बाजूंना उभे राहिले. तीन वाजता आरा त्या रांगांमधून चालत आली. केस कापलेले, उवांमुळे. जीपपाशी आल्यावर मला म्हणाली, “पुढे बसा, मानांग. मागे तुमचा गुडघा दुखेल.”

टोमणा होता. मी पुढे बसले. तिनं सगळं विसरावं अशी माझी अपेक्षा नाही. वाटेत तिनं मागून एकदा माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि खड्डा गेल्यावर काढून घेतला. खड्ड्यामुळेच ठेवला असेल.

शनिवारी वर्ग भरला. सात जणी. तिठ्यावरचा फलक अजून आहे. आराचा चेहरा कापून काढलाय, खालचे आम्ही सहा तसेच.

आता माझं. खोटी शपथ घेतल्याचा खटला भरलाय माझ्यावर. मार्चमधल्या शपथेचा नाही, ऑगस्टातल्या. तेवीस तारखेला हजर व्हायचंय. लाबाद म्हणतात, त्याच दिवशी आत ठेवतील अशी शक्यता आहे, पण जामिनाची तयारी केलीय. मी दोन झगे, चश्मा आणि रक्तदाबाच्या गोळ्या बांधून ठेवल्यात. गाठोडं रोज सोडून परत बांधते.

काल तुझं पत्र आलं. दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. चौकशी झाली, बाहीवरची पट्टी काढली, गोदामात बसवलंय, हे सगळं वाचलं. तू लिहितोस, “याचं वाईट वाटून घेऊ नकोस.” वाटतं. कसं नाही वाटणार? आणि शेवटी लिहितोस की बावीसपासून रजा मिळालीय, तेवीसला कोर्टात माझ्याबरोबर येणार.

काल रागानं तुला लिहायला बसले होते, की येऊ नकोस, आहे तेवढी तरी नोकरी सांभाळ. तो कागद फाडला. ये.

बोट पहाटे लागते. धक्क्यावर कॉफी पिऊ नकोस, घरी करते. गणवेशात यायचं की साध्या शर्टात, ते तुझं तू ठरव. लाबाद म्हणतात गणवेश नको, आरा म्हणते गणवेशच घाल. दोघं अर्धा तास भांडले. पुलाजवळ नवा तपासनाका झालाय. तिथं थांबवतील. कुठे चाललास विचारतील, तेव्हा उगाच मासे आणायला वगैरे सांगू नकोस. तुला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. आईकडे चाललोय म्हण. कोण आई विचारतील. पूर्ण नाव सांग. कोन्सोर्सिया ताबाल्दे. त्यांच्या यादीत स्पेलिंग चुकलंय, ते दुरुस्त करून घे.

नानाय